यावोर्नाच्या फलकावरचा एकमेव गोल

० – ०

मित्रांनो, प्रत्येक सामन्याची सुरुवात या दोन शून्यांपासून होते, म्हणून माझीही इथूनच करतो. मी यावोर्ना गावच्या फुटबॉल मैदानावरचा लाकडी फलक. खरे म्हणजे होतो. आता मैदानावर मी नाही आणि माझ्या अंगावर कोणताच अंक नाही. तरी जुनी सवय आहे. कुणी समोर आले की आधी शून्य सांगावेसे वाटते.

माझ्या फळ्या लार्चच्या. ह्रोन नदीच्या काठी लाकूड कापायची गिरणी होती, तिथे वेंडेलिन नावाचा तेवीस वर्षांचा कामगार होता. गिरणीने क्लबला वाकड्या निघालेल्या फळ्या देऊन टाकल्या आणि वेंडेलिनने तीन रविवार खर्चून मला उभे केले. माझी डावी बाजू, म्हणजे यजमानांची, बोटभर खाली राहिली. कुणी विचारले की तो म्हणायचा, "आपला संघ तसा खालीच असतो. फलकाला माहीत असलेलं बरं."

अंकांच्या पाट्या त्याच्या बायकोने, मार्गिताने रंगवल्या. तेलाच्या पिंपाचा पत्रा, काळा रंग, त्यावर पांढरा अंक. आमच्याकडे एकचा आकडा म्हणजे नुसती उभी काठी. मार्गिताने तिला वर लांब नाक काढले. माझ्या दोन्ही बाजूंना दोन हूक आणि शून्य ते नऊ असा पाट्यांचा एकेक संच. शून्य खूप झिजले. नऊ कधी लागलाच नाही. सामन्याच्या दिवशी मैदानावर खाणे विकणारी इरमा त्याच्यावर सॉसेजचे तुकडे आणि मोहरीची चटणी ठेवायची.

मार्गिता कापड गिरणीत मागावर होती. त्या आवाजाने चाळिशीतच तिचे कान गेले. त्यानंतर ती मैदानावर यायची बंद झाली. म्हणाली, "सगळ्यांची तोंडं उघडी दिसतात, आवाज येत नाही. माशांच्या टाकीत बसल्यासारखं वाटतं." त्यांचे घर नदीपलीकडे उतारावर होते आणि त्या घराची एक खिडकी थेट माझ्या तोंडासमोर होती. ती तिथे बसू लागली आणि वेंडेलिनने तिच्यासाठी दिव्याच्या खुणा ठरवल्या.

वेंडेलिनने पाटी लावायची. शिडीवरून उतरून मागे वळायचे. खिडकीतला दिवा दोनदा लागून विझला, म्हणजे आपला गोल मार्गिताला पोचला. एकदा लागला, म्हणजे पाहुण्यांचा पोचला. सामना संपला की ती पडदा ओढून घ्यायची आणि तो घरी जायला निघायचा.

तीस वर्षे हे असेच चालले होते. संघ बाहेरगावी खेळायला गेला तरी वेंडेलिन रेडिओ घेऊन माझ्यापाशी यायचा आणि रिकाम्या मैदानावर पाट्या लावायचा. हळूहळू बाकीचेही यायला लागले, म्हातारे, गुडघे दुखणारे, गाडीत ओकारी येणारे. मैदानात गवताशिवाय काही नसायचे. सगळे बाकांवर बसून, सूर्यफुलाच्या बिया सोलत, माझ्याकडे बघायचे. यावोर्नात याला 'फलक बघायला जाणे' म्हणत. दुसऱ्या गावचे लोक हसत. हसू देत.


१ – ०, मग पुन्हा ० – ०

ही मधलीच एक गोष्ट, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

एकदा, वेंडेलिनचे केस काळे होते तेव्हा, आपला गोल झाला आणि त्याने धावत शिडी चढून १ लावला. तेवढ्यात पंचांनी गोल रद्द केला. त्याने पाटी काढली. पाहुणे हसले, त्याचे काही विशेष नव्हते. पण पलीकडे दिवा दोनदा लागून गेला होता. पाटी उतरल्यावर खिडकी बराच वेळ काळी राहिली. मग दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, जणू ती विचारत होती, आता मी काय करू?

त्या दिवशी वेंडेलिनने इम्रिखला सांगितले, "इथून पुढे चेंडू मधोमध ठेवून खेळ परत सुरू झाल्याशिवाय पाटी लावणार नाही. आणि एकदा लावली की काढणार नाही."

इम्रिख म्हणजे मैदानाची गवतकापणी बघणारा. त्याची दाढ नेहमी सुजलेली आणि जीभ नेहमी मोकळी. तो म्हणाला, "चांगलंय. पोपनेही एवढा कडक नियम केला नसता."

वेंडेलिनने तो नियम पाळला. लोक ओरडून बाक मोडायचे आणि हा शिडीवर हातात पाटी धरून मध्यरेषेकडे बघत थांबायचा.


० – ४

मग ते वर्ष आले. यावोर्नाचा संघ युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत एकामागून एक पात्रता सामने जिंकत गेला आणि थेट गटफेरीत पोचला. गटात चार संघ: एक डच, एक तुर्की, एक पोर्तुगीज आणि आम्ही. प्रत्येकाशी दोनदा, असे सहा सामने. गावात तीन दिवस कुणी धड कामाला गेले नाही.

मग स्पर्धेची माणसे मैदान बघायला आली. फूटपट्ट्या घेऊन. बाक कमी, दिवे नाहीत, कपडे बदलायच्या खोलीत एकच नळ. त्यांच्यातला एक माझ्यासमोर उभा राहिला, हसला आणि त्याने माझा फोटो काढला. घरचे तिन्ही सामने त्र्नावा शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर होतील असे ठरले. बसने तीन तास.

क्लबच्या अध्यक्षाने वेंडेलिनसाठी पहिल्या बसमध्ये जागा राखली होती. चांगला माणूस होता तो.

"वेंडेलकाका, खिडकीजवळची जागा आहे. तिन्ही सामन्यांना. तुमचा हक्कच आहे."

"इम्रिखला दे."

"अहो, युरोप आहे. पुन्हा येणार नाही."

"म्हणूनच जात नाही. मार्गिताला कोण सांगणार?"

त्या उन्हाळ्यात मार्गिताचे हृदय थकले होते. डॉक्टरांनी नाताळपर्यंत असे म्हटले होते, नाताळनंतर काय ते म्हटले नव्हते. तिचा पलंग खिडकीशी आणून ठेवला होता, दिव्याचे बटण उशीजवळ. इम्रिखने विचारले, "टीव्ही नाही का तिच्या खोलीत? त्यावर ती नुसत्या अक्षरांची पानं येतात ना, टेलिटेक्स्ट. सगळे गोल येतात त्यात."

"येतात. ती अक्षरं आता दिसत नाहीत म्हणते. म्हणते, मला तुझा फलक तेवढा दिसतो." वेंडेलिन माझ्या पायाशी बसून पाटीवरची धूळ बाहीने पुसत होता. १ ची पाटी होती. "काल म्हणाली, युरोपात आपला एक गोल बघू दे, मग मला कुणी बोलावलं तरी जाईन."

इम्रिखला बसमधली जागा मिळाली होती. तो गेला नाही. गाडीत आपल्याला ओकारी होते असे त्याने सांगितले. पोटासाठी तो आयुष्यभर मालमोटार चालवत आला होता.

पहिला सामना हॉलंडमध्ये, सप्टेंबरच्या शेवटी, एका गुरुवारी, संध्याकाळी पावणेसातला. नगरपालिकेने खांबांवरच्या भोंग्यांवर रेडिओ सोडला. एरवी त्या भोंग्यांवरून आधी एक गाणे लागते आणि मग पाणी कधी बंद राहील, बटाट्याची गाडी कुठे उभी आहे, कोण वारले, ते सांगतात. माझ्या डोक्यावर एक बल्ब होता. बाकांवर साठ-सत्तर माणसे.

डचांनी चार गोल केले. वेंडेलिन चार वेळा चढला, चार वेळा उतरला. खिडकीत दिवा चार वेळा, एकेकदा.


० – १

दुसरा सामना. पोर्तुगालमध्ये. शेवटच्या पाच मिनिटांत गोल खाल्ला. इरमा म्हणाली, "याला हार म्हणत नाहीत, याला अपघात म्हणतात." सगळ्यांना बरे वाटले.


० – २

तिसरा. तुर्कांशी, त्र्नावात.

या सामन्यात मला एक गोष्ट दिसली. मी तेव्हा तिच्याकडे लक्ष दिले नाही. भोंग्यावर दुसरा गोल सांगितला, वेंडेलिन २ ची पाटी घेऊन शिडी चढत होता, त्याची पाठ नदीकडे होती. बाकांवरचे लोक माझ्याकडे बघत होते, म्हणजे त्यांचीही पाठ नदीकडे. पाटी हुकात अडकायच्या आधीच पलीकडे दिवा एकदा लागून विझला. वेंडेलिन उतरून वळला तेव्हा तो पुन्हा एकदा लागला.

मला वाटले, तिच्या हाताला बटण चुकून लागले असेल.


० – १
० – ३

चौथा आणि पाचवा. नोव्हेंबरचे दोन गुरुवार. यांच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही, आणि खरे सांगायचे तर अंक लावताना वेंडेलिनही माझ्याकडे बघत नव्हता. पाच सामने, अकरा गोल अंगावर, आपला एकही नाही. गटात तळाला. पुढे जायचा प्रश्न केव्हाच संपला होता.

बाकांवर चाळीस माणसे उरली होती.

"तुझा १ गंजला असेल," इम्रिख म्हणाला.

"रोज पुसतो."

"बघू."

वेंडेलिनने कोटाच्या आतून पाटी काढून दाखवली. तो ती घरी घेऊन जायचा आणि घेऊन यायचा. पत्रा त्याच्या छातीच्या उबेने गरम होता. इम्रिखने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि आपल्या बाहीने पुसून परत दिली. 

"कशी आहे ती?" इरमाने विचारले. ती रोज संध्याकाळी मार्गिताला सूप नेऊन द्यायची, तिला माहीत होते. तरी विचारले.

"झोपते. उठली की विचारते, आज गुरुवार का?"


१ – ०

सहावा सामना. डिसेंबर. डच पुन्हा, त्र्नावात. माझ्या वरच्या फळीवर बर्फ साचले होते. वेंडेलिनने ते झाडूने पाडले. इरमाने आंबट कोबीचे सूप मोठ्या भांड्यातून आणले होते. ती मार्गिताकडे जाऊन आली होती आणि आल्याआल्या तिने वेंडेलिनला बाजूला घेतले.

"वेंडेल, आज तू घरी थांब. पाट्या इम्रिख लावेल."

"तिने तसं सांगितलं?"

"नाही. ती म्हणाली, त्याला मफलर दे, विसरून गेलाय."

त्याने मफलर घेतला. गळ्याला गुंडाळला. शिडी लावली.

पहिला अर्धा तास काही झाले नाही. वेंडेलिन खाली बसलाच नाही. शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा, एका हाताने मला धरलेले, दुसरा कोटाच्या आत. मग भोंग्यातला माणूस भरभर बोलू लागला, उजवीकडून चेंडू आला, डोक्याने मारला, आणि तो ओरडला. गोल. चाळीस माणसे एकदम उभी राहिली. सूप सांडले. इम्रिखने इरमाला मिठी मारली, तिने त्याला ढकलले नाही.

मित्रांनो, मी वेंडेलिनच्या हाताची वाट बघत होतो. म्हणजे तो थांबेल याची. चेंडू मधोमध जाईल, शिट्टी वाजेल, मग पाटी. त्याने वळून खिडकीकडे पाहिले. तिथे दिवा नव्हता, छताला टीव्हीचा निळसर उजेड तेवढा होता. तो किती वेळ थांबू शकला असता? आणि ती?

त्याने शून्य उतरवले आणि १ लावला. लांब नाकाचा. डाव्या बाजूला, बोटभर खाली.

खिडकीत दिवा लागला, विझला. लागला, विझला.

तेव्हा भोंग्यातला माणूस म्हणाला, थांबा, थांबा. ध्वज वर आहे. ऑफसाइड.

 वेंडेलिनचा हात अजून पाटीवर होता. 

"वेंडेल," इम्रिख खालून हळू म्हणाला. "रद्द झाला रे."

"ऐकलं."

"उतरवतोस?"

"दिवा बघितलास?"

"बघितला."

"मग कसा उतरवू?"

इम्रिख बाकांकडे वळला. "कुणाला काही म्हणायचंय?"

"मला नीट ऐकूच आलं नाही," इरमा म्हणाली. तिचे कान गावात सगळ्यात तिखट होते. "गोल झाला एवढं ऐकलं. नंतर काय म्हणाला कोण जाणे."

"बर्फामुळे भोंगे नीट ऐकू येत नाहीत," मागून कुणीतरी म्हणाले.

"हो, बर्फामुळे."

वेंडेलिन खाली उतरला. एरवी तो माझ्या पायाशी स्टुलावर बसायचा, तोंड नदीकडे, खिडकीकडे. त्या दिवशी त्याने स्टूल फिरवले आणि माझ्याकडे तोंड करून बसला. त्याची पाठ खिडकीकडे. मान खाली. मला त्याची फक्त टोपी दिसत होती. ज्या बाईशी तो कधी खोटे बोलला नव्हता, तिच्याकडे त्याला बघवत नव्हते.

उत्तरार्धात डचांनी गोल केला. भोंग्यांनी सांगितला. वेंडेलिन हलला नाही. मी १ – ० असाच उभा होतो. पहिल्यांदाच मी खोटे सांगत होतो आणि चाळीस माणसे माझ्याकडे बघत होती.

तेव्हा पलीकडे, खिडकीत, दिवा एकदा लागून विझला.

एकदा.

वीस मिनिटांनी डचांचा दुसरा गोल झाला. माझ्या अंगावर तोही नव्हता. दिवा एकदा लागून विझला.

भोंग्यांचा आवाज तिच्यासाठी नव्हता. घरात दुसरे कुणी नव्हते. छतावर तो निळसर उजेड हलत होता. मला तो तिसरा सामना आठवला, पाटी लागण्याच्या आधी लागलेला दिवा. तिला ती अक्षरे दिसत होती, मित्रांनो. सगळा वेळ दिसत होती. दिसत नाहीत असे तिने त्याला सांगितले होते, कारण तसे सांगितले नसते तर थंडीत येऊन शिडी चढण्याचे त्याचे काम संपले असते.

तिला गोल रद्द झालेला कळला होता. खरा निकाल ० – २ आहे हेही कळले होते. आणि ती त्याला सांगत होती की कळले आहे, काळजी करू नकोस. पण सांगणार कुणाला? त्याची पाठ तिच्याकडे होती. सगळ्यांचीच होती. त्या दिव्याकडे तोंड असलेला तिथे मी एकटा होतो.

सामना संपला. आता ती पडदा ओढील म्हणून मी बघत होतो. पडदा अर्ध्यावर आला आणि थांबला. मग दिवा लागला, विझला. लागला, विझला. दोनदा. आपल्या गोलासाठी. जो झालाच नव्हता, तो तिने मोजला.

मग पडदा पूर्ण ओढला गेला. वेंडेलिन तेव्हा वळला. त्याला बंद पडदा दिसला.


–

शनिवारी सकाळी भोंग्यांवर गाणे लागले आणि गाण्यानंतर मार्गिताचे नाव सांगितले. नगरपालिकेच्या भिंतीवर काळ्या काठाचा कागद लागला. दफनाच्या दिवशी वेंडेलिन आधी माझ्याकडे आला, शिडी लावली आणि १ ची पाटी काढून कोटात घातली. परत आला तेव्हा कोट सपाट होता.

"तिच्याबरोबर दिली," तो इम्रिखला म्हणाला.

"चांगलं केलंस."

"कसलं चांगलं? पन्नास वर्षांच्या संसारात तिला एकदाच फसवलं, तेही शेवटच्या दिवसांत. आणि ती बिचारी खरं मानून गेली."

इम्रिखने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला ओरडावेसे वाटले. पण मला शून्य ते नऊ एवढेच बोलता येते, आणि तेही कुणी पाटी लावली तर.

पुढच्या उन्हाळ्यात मैदान नवे झाले. नवा फलक आला, विजेचा. तो गोल होताच स्वतःच उजळतो आणि रद्द झाला की स्वतःच पुसतो. त्याला लाज वाटत नाही. मला चार जणांनी उचलून इम्रिखच्या गवतकापणी यंत्राच्या खोलीत, भिंतीला तोंड करून टेकवले. माझ्या डाव्या बाजूला कोळ्याने जाळे केले आहे. पाट्या एका पोत्यात आहेत, यजमानांच्या संचात एक कमी.

वेंडेलिन अजून येतो. गुरुवारी, संध्याकाळी. यंत्रावर बसतो, माझ्या पाठीच्या फळ्यांवरून हात फिरवतो आणि तेच म्हणतो: "फसवलं रे तिला आपण." इम्रिख दारात उभा राहून तंबाखू ओढतो. त्याला समजावणे त्याने आता सोडून दिले आहे. वेंडेलिनची पावले आता बारीक पडतात आणि पायऱ्यांशी तो दम घेतो. फार वेळ उरलेला नाही.

मित्रांनो, जुन्या फलकांनी शेवटी काहीतरी मागायचे असते. मला रंग नको, नवे हूक नकोत, मैदानही नको. तुमच्यातले कुणी कधी ह्रोनच्या काठाने यावोर्नाला गेले, तर मैदानामागच्या त्या खोलीत डोकवा. गुरुवार असेल तर तिथे एक म्हातारा बसलेला असेल, गळ्यात मफलर. त्याला उगीच मोठे काही सांगू नका. एवढेच सांगा, की तुम्ही स्टूल फिरवून बसला होतात तेव्हा दिवा एकदा लागला होता. मग वीस मिनिटांनी एकदा. आणि पडदा ओढण्याआधी दोनदा.

बाकीचे त्याला समजेल. ती भाषा त्यानेच तिच्यासाठी शोधली होती.